नुक्ता कुठंय?

"नुक्ता कुठंय?"

लिहिलेलं काहीही असो, लग्नपत्रिका, खताचं पोतं नाहीतर पोराची पाटी, गोरेगावचे जुने मास्तर मौलीसाब आधी त्यावर अंगठ्याचं नख टेकवायचे आणि हेच विचारायचे. नुक्ता म्हणजे टिंब. उर्दूत ते अक्षराच्या खाली किंवा वर बसतं. पुढं मराठी शिकल्यावर ते अनुस्वारालाही नुक्ताच म्हणायला लागले. "उर्दूत खाली-वर, मराठीत डोक्यावर. बोजा तेवढाच हाय, बेटा."

त्या काळात तुम्ही गोरेगावच्या बाजाराला आला असाल, तर ते तुम्हाला दिसलेच असतील. काळी टोपी, पांढरा पायजमा, काखेत छत्री, आणि चाल अशी की जणू मागं कुत्रं लागलंय. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, पण बसलेला कुणी पाहिला नव्हता. चहासुद्धा उभ्यानं. खुर्ची सरकवली की म्हणायचे, "नको. बसलो की राहून जातं." काय राहून जातं, ते कधी सांगितलं नाही.

आमचा तांडा गोरेगावपासून दोन कोसांवर. दिवाळी झाली की सगळा तांडा ऊसतोडीला निघायचा. घराला कुलूप नव्हतं. दाराला बोरीची काटेरी फांदी लावली की घर बंद. माझे दोन्ही थोरले भाऊ उसाच्या फडातच वाढले, त्यांना आजही सही येत नाही. माझ्या वेळीही भांडी ट्रकमध्ये चढली होती, मी चढले होते, आणि मौलीसाब छत्री आडवी धरून ट्रकपुढं उभे राहिले.

"थावरा, पोरगी खाली उतरव."

बा म्हणाला, "हिला ठेवू कुणापाशी? खाईल काय?"

"ते मला नको सांगू. तुला बी मीच शाळेत घातलं व्हतं. सा महिन्यांत पळालास. हिला पळू देणार न्हाई."

ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिला होता. शेवटी याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला कमरेला धरून खाली ठेवलं आणि तोंड फिरवलं. मी चुलतीकडं राहिले. दर शनिवारी मौलीसाब तांड्यावर यायचे, उभ्या उभ्या माझी वही तपासायचे, चुलतीनं दिलेला ताकाचा तांब्या उभ्यानंच रिकामा करायचे आणि निघायचे.

त्यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली, तीही त्यांच्यामागं पळता पळता. इंग्रजांच्या काळात, निजामाच्या राज्यात, ते हैदराबादला जाऊन फारसी-अरबी शिकले. तिथंच चांगली जागा मिळत होती. ती सोडून गावाकडं आले आणि सरकारी उर्दू शाळेत मास्तर झाले. तांड्यावर जाऊन पोरं गोळा करून आणणारा पहिला मास्तर हाच. गावातली बडी माणसं म्हणाली, "ह्यांना काहून आणता? ढोरामागं फिरणारी जात." मौलीसाबांनी दुसऱ्या दिवशी आणखी दोन पोरं आणली.

मग निजाम गेला, शाळा मराठी झाली. "संध्याकाळी आलिम व्हतो, सकाळी अडाणी झालो," हे ते हसत सांगायचे, पण छत्रीच्या टोकानं जमीन उकरत. भाऊबंद गाव सोडून गेले. हे राहिले. आपल्याच विद्यार्थ्यांच्या रांगेत पाटी घेऊन बाराखडी शिकले, परीक्षा दिली आणि पुन्हा मास्तर झाले. 'ळ' मात्र कधी सरळ आला नाही. तो काढताना कागद आडवा फिरवून घ्यायचे.

मी बारावी पास झाले तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. कॉलेज परभणीला, आणि मला वसतिगृहात जागा हवी होती. ती जातीच्या दाखल्याशिवाय मिळत नव्हती. दाखल्याला जुना पुरावा हवा. हातात आठ दिवस. बाला आठवलं, आपण सहा महिने शाळेत गेलो होतो. गोरेगावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी माळ्यावरून जुनं रजिस्टर काढलं. सगळं उर्दूत. ते घेऊन शाळेचा शिपाई आमच्यासोबत हिंगोलीला आला. तिथल्या कचेरीत उर्दू वाचणाऱ्या एका माणसानं बोट फिरवत वाचलं, "थावरा वल्द लालू, कौम पिंजारी." म्हणजे लालूचा मुलगा थावरा, जात कापूस पिंजणाऱ्यांची.

कारकून माझ्याकडं बघून म्हणाला, "बाप पिंजारी, तू बंजारी कशी गं?"

कचेरीत हशा पिकला. बा हात जोडून म्हणाला, "साहेब, म्या कापूस वेचलाय. पिंजला न्हाई कदी." आणखीच हसू. मी हसले नाही. मला रडूही आलं नाही. मला त्या रजिस्टरचा राग आला होता.

परत आलो ते थेट मौलीसाबांना शाळेत बोलावून घेतलं. त्यांनी पान उघडलं, नख टेकवलं. मग छत्री भिंतीला लावली आणि हा माणूस फरशीवर खाली बसला. मी घाबरले.

"नुक्ता कुठंय?" ते पुटपुटले. या वेळी ते आमच्यापैकी कुणाला विचारत नव्हते.

मग त्यांनी मला दाखवलं. त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली एक टिंब असलं तर बंजारी, म्हणजे आम्ही बंजारा. तीन असली तर पिंजारी. तिथं एकही नव्हतं. वाचणाऱ्यानं मनानंच तीन धरली होती.

"हे अक्षर माझं हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी तपासनीस येणार व्हता. रजिस्टरात नाव न्हाई म्हणून त्यानं तांड्याची पोरं हाकलली असती. तो यायच्या आत नऊ नावं चढवली. पळत पळत." मग म्हणाले, "बसलो की राहून जातं म्हणायचो मी. हे तर पळताना राहिलं."

हेडमास्तरांनी हळूच खिशातला पेन काढला. "मौलीसाब, अक्षर तुमचंच आहे. एक टिंब द्या आणि मिटवा. कोण बघतंय?"

बा म्हणाला, "द्या ना, मालक. पोरीचं साल जातंय."

मीही मनातून तेच म्हणत होते. खोटं कशाला सांगू?

मौलीसाबांनी उठून पेन परत त्यांच्या खिशाला लावला. "तवा दिलं असतं तर नुक्ता झाला असता. आज दिलं तर चोरी व्हईल. अन् चोरी पकडली तर नऊच्या नऊ घरं बुडतील. उद्या मी येतो हिंगोलीला."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये ते माझ्याशेजारी बसले, पण छत्री सारखी पत्र्यावर ठोकत होते. ड्रायव्हर वैतागला, "ओ चाचा, गाडी फुटंल ना." त्यांना ऐकू गेलं नाही.

कचेरीतले साहेब वयानं तरुण होते. म्हणाले, "हे अक्षर तुमचंच कशावरून?"

मौलीसाबांनी कागद मागितला आणि उभ्यानंच ती ओळ लिहिली. तेच वळण, तीच लांब शेपटी. फक्त टिंबासकट. मग रजिस्टर पुढं सरकवलं. "ह्या दिवशीची नऊ नावं बघा, साहेब. नऊ ठिकाणी नुक्ता न्हाई. अन् राहायची जागा वाचून घ्या. नऊ वेळा तांडा. पिंजारी तांड्यावर राहतो का?"

साहेबांनी उर्दू वाचणाऱ्याला बोलावलं. त्यानं नऊ ओळी पाहिल्या आणि मान खाली घातली. साहेब म्हणाले, "तुमची चूक तुम्ही लिहून द्या. मराठीत."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या माणसानं खिडकीपाशी उभं राहून लिहिलं, 'चूक माझी आहे.' 'मूळ' लिहिताना कागद आडवा फिरवला. सही करायला पेन खाली टेकवणार, एवढ्यात मी वाचलं. जिथं बंजारी हवं, तिथं त्यांनी 'बजारी' लिहिलं होतं.

मी त्या कागदावर अंगठ्याचं नख टेकवलं.

"मौलीसाब, नुक्ता कुठंय?"

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. आणि इतके हसले की टोपी सरकली, डोळे गळायला लागले. बालाही हसू फुटलं. साहेब नुसते बघत राहिले. मौलीसाबांनी 'ब'च्या डोक्यावर टिंब दिलं, पेन दाबून, कागदाला भोक पडेल असं.

मग म्हणाले, "साहेब, आणखी आठ कागद द्या."

"अर्ज तर एकीचाच आहे."

"बाकीचे बी येतील. तवा मी असेन का?"

आठही कागद त्यांनी तिथंच उभ्यानं लिहिले. सगळे वाचून टिंबं तपासायचं काम माझ्याकडं.

दाखला सातव्या दिवशी मिळाला.

मी शेवटच्या वर्षाला असताना ते खाटेला खिळले. भेटायला गेले तर खाटेवर पडून होते, पण चादरीबाहेर आलेला उजवा पाय सारखा हलत होता. "तांड्यावर किती पोरं घरी हायेत?" एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला. "मग तू हितं काहून बसलीस?"

मी उठले. मी पुन्हा भेटायला गेले तेव्हा खाट अंगणात उभी करून ठेवली होती आणि छत्री खुंटीला होती.

त्या नऊ घरांतल्या सात घरांनी पुढं ते कागद वापरले. मी बी.ए. झाले, आमच्या तांड्यातली पहिली. आज मी मास्तरीण आहे. माझ्या दाखल्यावर बंजारा लिहिलंय, टिंबासकट.