टोफू आणि बाबांचा वाटा

टोफूला चव नसते असं लोक म्हणतात, ते खरं नाही. दूध नीट उकळलं नाही तर त्याला कच्च्या सोयाबीनची चव येते, आणि ती चांगली नसते. हे मी एका हिवाळ्याच्या अनुभवावरून सांगते. त्या हिवाळ्यात केलेला बहुतेक टोफू मीच खाल्ला, कारण ज्यांच्यासाठी करत होते त्यांनी तो खाल्ला नाही.

ते म्हणजे माझे बाबा. ऐंशीच्या घरात आहेत, एकोडीला, आमच्या गावी, एकटे राहतात. मी भंडाऱ्याला सरकारी कचेरीत नोकरी करते आणि तिथे एकटी राहते. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. आई गेल्यावर बाबांना भंडाऱ्याला चला म्हटलं, तर त्यांनी विचारलं, तुझ्या खोलीतून तलाव दिसतो का. दिसत नाही. विषय तिथेच संपला. दर रविवारी सकाळच्या एसटीने मी जाते आणि संध्याकाळच्या एसटीने परत येते.

बाबांनी जन्मभर गावच्या तलावात जाळं ओढलं. मासोळीशिवाय त्यांचा भात उतरत नसे. दिवाळीनंतर रोहूचा एक काटा त्यांच्या घशात अडकला. डोळ्यांनी धड दिसत नाही, दात गेलेले, त्यामुळे काटा तोंडात कळलाच नाही. डॉक्टरांनी तो काढला आणि मासोळी बंद करायला सांगितली. दूध, पनीर त्यांना पचत नाही. मग सोयाबीनचं काहीतरी द्या, म्हणाले. कचेरीतल्या एकीने टोफू सुचवला. दुकानातून आणलेल्या पाकिटाला आंबूस वास होता, म्हणून घरीच करायला घेतला.

कृती अवघड नाही. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सकाळी चोळून सालं काढायची, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून बारीक वाटायचं आणि कापडातून पिळायचं. जे दूध निघतं ते जाड बुडाच्या भांड्यात उकळायचं. ते उतू जातं आणि खाली लागतंही, त्यामुळे समोरून हलायचं नाही. उकळी आली म्हणून लगेच गॅस बंद केला तर कच्चा वास राहतो. पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर राहू द्यायचं. मग गॅस बंद करून लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा. एकदम ओतला तर टोफू रवाळ होतो. पिवळसर पाणी सुटलं की कापडात बांधून वर वजन ठेवायचं. मी आईचा पितळी गुंड पाण्याने भरून ठेवते. तासाभरात वडी कापता येते.

पहिल्यांदा मी त्याचा मासोळीसारखाच रस्सा केला. भाजलेला कांदा, लसूण, लाल मिरची, चिंच, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाबांनी तुकडा उचलला आणि सवयीने बोटांनी चाचपून काटा शोधला. सापडला नाही. मग चार घास खाल्ले. चांगलं काय, वाईट काय, काही बोलले नाहीत. मी ते यश धरलं.

दोन रविवारांनी मोरीत मासोळीचे खवले दिसले. मी विचारलं. बाबांनी तांब्याभर पाणी मोरीत ओतलं. मला वाटलं, लपून खातात.

आमच्या तलावावर जाळं ओढणं झालं की मासोळीचे जमिनीवर वाटे लावतात. जाळ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा एक ढीग. जो म्हातारा झाला, पाण्यात उतरू शकत नाही, त्याचाही एक ढीग असतो, लहानसा का होईना. बाबांचा वाटा दर बुधवारी घरी पोचवला जायचा. मी लहानपणापासून हे बघत आले, पण बघणं आणि समजणं यात फरक आहे. पुढच्या बुधवारी मी रजा टाकली, थेट तलावावर गेले आणि तिथल्या लोकांना सांगितलं की बाबांना मासोळी वर्ज्य आहे, यापुढे त्यांचा वाटा पाठवू नका. कचेरीत नोटीस द्यावी तसं सांगितलं. सगळे खाली बघत होते. वाटा पोचवायला येणारा माणूस माझ्याच वयाचा, त्याचे वडील बाबांचे जाळ्यावरचे जोडीदार होते. तो म्हणाला, "बाई, काकाजीले इचारलं का?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलं आहे.

तिथून बाबांकडे न जाता मी भंडाऱ्याची गाडी पकडली.

त्यानंतर डबे भरलेले परत यायला लागले. मला वाटलं, चव जमत नाही. म्हणून मी चव सुधारत गेले. तुकडे मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून पुन्हा दाबले, त्याने मसाला आत जातो. जवसाच्या तेलात तळले, त्याने कड कुरकुरीत होते आणि वासही ओळखीचा येतो. कुस्करून पोळीत भरला. वांग्यात घातला. शनिवारी रांधायचं, रविवारी न्यायचं, परत आणायचं आणि सोमवार-मंगळवार तेच खायचं. मीठ पुरलं का हे विचारायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे आपल्याला जमतंय की नाही हेही कळत नव्हतं. बाबांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली.

संक्रांत बुधवारी आली. मी रजा घेतली. रविवारऐवजी त्याच दिवशी एकोडीला गेले. बाबा दाराबाहेर पायरीवर बसले होते. बाजूला जर्मनचं पातेलं, घासून पालथं घातलेलं. ते वाटा घ्यायचं पातेलं होतं. शेजारच्या बाईने सांगितलं की दर बुधवारी सकाळपासून दुपार होईपर्यंत ते असेच बसतात. आणि हेही सांगितलं की काटा अडकल्यानंतर वाटा यायचा तेव्हा बाबा मासोळी हाताच्या अंदाजाने साफ करायचे आणि सगळी तिच्याकडे द्यायचे. स्वतः एक तुकडाही ठेवत नसत. तो आणून देणारा मात्र अर्धा तास बसायचा. तलावात पाणी किती उरलं, जाळं कुठे फाटलं, कोणाच्या पायाला शिंपला लागला, सगळं सांगायचा. आता त्या दाराशी कोणी थांबत नव्हतं.

मी बाबांसमोर बसले. मासोळी खात नव्हता तर मला सांगितलं का नाही, असं विचारलं.

"तू मले इचारलंस का, तलावावर जाताना?" ते म्हणाले. मग पातेल्यावर हात ठेवला. "वाटा मेल्याचाच बंद होते, माय. जित्याचा नाही होत."

मी पातेलं उचललं आणि तलावावर गेले. लोक जाळं धुवत होते. चूक कबूल करायची तर ती जिथे केली तिथेच करावी, म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं की मी विचारल्याशिवाय बोलले, बाबांचा वाटा पुन्हा लावा.

तो माणूस हसला नाही, रागावलाही नाही. त्याने कडेला बोट केलं. मोठ्या ढिगांच्या पलीकडे एक छोटा ढीग होता.

"लावतच होतो, बाई. उचलाले कोणी नव्हता, म्हणून मंग आमीच वाटून घेत होतो."

मी पातेलं पुढे केलं, पण त्याने माझ्याकडे वाटा दिला नाही. पातेलं घेतलं, स्वतः भरलं आणि माझ्यापुढे चालू लागला. घरी आल्यावर तो बाबांच्या शेजारी पायरीवर बसला. दोघांचं बोलणं सुरू झालं. मला त्यात जागा नव्हती, म्हणून मी आत जाऊन सोबत आणलेला टोफूचा रस्सा गरम केला. बाबांनी त्या दिवशी ताट संपवलं आणि पहिल्यांदा मत दिलं.

"मीठ कमी हाय. बाकी बरं हाय."

आता व्यवस्था ठरली आहे. बुधवारची मासोळी ते साफ करतात, शेजारची बाई ती आपल्या फ्रीजमध्ये ठेवते, आणि निम्मी रविवारी मला मिळते. मी टोफू घेऊन जाते, मासोळी घेऊन येते. परतीच्या एसटीत पिशवीला वास येतो, त्यामुळे उभे असलेले लोकही माझ्या शेजारी बसत नाहीत. घरी पोचले की मी दोन तुकडे तळते. काटे भराभर काढता येतात मला, बाबांनीच शिकवलं होतं. टोफू मात्र आता मी खात नाही. रुचकर असतो, पण एवढा खाल्ला की पुरे झाला.