कोकमावर आळ

हा गाढवपणा माझ्या तोंडूनच ऐका. आत्या सांगायला लागली की त्यात तिखटमीठ जरा जास्तच पडतं.

झालं काय, मला हॉजकिन्स लिम्फोमा निघाला. मानेत गाठ, मग केमो. चार औषधं एकामागून एक शिरेतून सोडायची. आई-बाबा दोघंही सरकारी नोकरीत, म्हणून माझ्याजवळ राहायला रत्नागिरीहून आत्या दिल्लीत आर. के. पुरमला आली. सोबत कोकमाच्या आगळाची, म्हणजे घट्ट खारवलेल्या रसाची बाटली.

पहिल्या केमोला नर्स दुष्परिणाम समजावत होती आणि आत्या दर वाक्याला "मतलब कैसा?" विचारत होती. मला लाज वाटली. "सिस्टर, रहने दो, मैंने सब पढ़ा है," म्हणत मी कानात इयरफोन खुपसले. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय मी. मला काय सांगणार?

संध्याकाळी पाणीसुद्धा पोटात ठरेना. ठरलं ते एकच, आत्याचं कोकम सरबत. तीन ग्लास प्यायले.

सकाळी बाथरूममध्ये गेले आणि बघते तर काय. लघवी लाल. थेट कोकमाचा रंग!

तुम्ही असतात तर आधी हॉस्पिटलला फोन केला असतात, नाही का? मी स्वयंपाकघरात घुसले.

"आत्या, काय पाजलंस मला काल? माझ्या किडन्या गेल्या."

"लाल होतेय होय? अगं, ते तर…"

"गप्प बस. तुम्हा लोकांना ना, सगळ्यावर घरगुती उपाय हवेत."

असं म्हणून मी आगळाची बाटली सिंकमध्ये उलटी केली. अगदी शेवटचा थेंब झटकून.

आत्या ओट्याला टेकून बघत राहिली.

मग मी रडत हॉस्पिटलला फोन लावला. उचलला त्याच नर्सनं.

"अरे यार, वो लाल वाली दवा का रंग है. एक-दो दिन में साफ़ हो जाएगा. बुआजी को तीन बार समझाया था. बताया नहीं?"

मी हळूच वळले. "आत्या, तू सांगायचंस ना."

"सांगतच होते. तू गप्प बस म्हणालीस, मी बसले."

तेवढ्यात उलट्या पुन्हा सुरू झाल्या. पाणी प्यायले, बाहेर. लिंबू सरबत, तेही बाहेर. बाबा अर्धी रजा टाकून आगळासाठी करोल बाग पालथी घालून आले, ते गुलाबाचं सरबत घेऊन. म्हणे, लाल तर आहे.

शेवटी आत्यानंच आतोबांना फोन लावला. मी बादली घेऊन पलंगावर, सगळं ऐकतेय.

"अहो, आगळ पाठवा कुरिअरनं. नाही हो, सांडलं नाही. पोरगी शिकलेली आहे ना, तिनं सिंकला पाजलं. आणि हो, दोन बाटल्या पाठवा. एक तिला, एक सिंकला."