पॉलिशवालीच्या हाताचं माप

देल्फीना नोबिली आमच्या नमुनाघरातली एकुलती एक बाई. इटलीतल्या ओमेन्या गावच्या त्या भांड्यांच्या कारखान्यात लेथवर बसलेली पहिली बाईही तीच. आर्किटेक्ट लोक मिलानहून कागद पाठवायचे, त्यावरून पहिला नमुना घडवायचा, हे आमचं काम. माझं लेथ तिच्या शेजारी होतं, त्यामुळे तिची कुरकुर एकोणीस वर्षं माझ्याच कानात गेली.

तिला राग यायला कारण लागायचं नाही असं लोक म्हणत. ते खोटं आहे. कारण घरीच होतं. तिची आई पिएरीना आमच्याच पॉलिशखात्यात एकतीस वर्षं फिरत्या चाकावर पातेली दाबून धरत होती. निवृत्तीपर्यंत बोटं अशी वाकडी झाली की दोन्ही हात मिळून एक मूठ वळेना. ऑगस्टमध्ये म्हातारी स्वतः टोमॅटो उकळून रस्सा बरण्यांत भरायची, आणि जानेवारीत त्याच बरणीचं झाकण उघडून घ्यायला शेजारणीचं दार वाजवायची.

अशात वरून फर्मान आलं. घरात एकट्या राहणाऱ्या, हात दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी झाकण उघडायचं एक देखणं साधन काढायचं. आर्किटेक्ट वालसेक्कींनी चित्र पाठवलं. स्टीलचं कडं, आणि त्याला फुलाच्या देठासारखा बारीक, वळणदार दांडा. बघत राहावं इतकं सुंदर.

देल्फीनाने कागद पाहिला आणि म्हणाली की हा दांडा तरण्या पोरीच्या बोटांसाठी आहे. वालसेक्की आले तेव्हा तिने त्यांनाही ते सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, म्हाताऱ्यांनाही सुंदर वस्तू हवी असते, त्यांच्या हातात दवाखान्यातली अवजारं का द्यायची? देल्फीनाने दात आवळले आणि नमुना कागदाबरहुकूम घडवला. केसाचाही फरक नाही.

नियम मोडून तो तिने पिशवीतून घरी नेला. पिएरीनाने कडं झाकणावर बसवलं, दांडा धरला. तो चकाकता दांडा बोटांतून निसटला, बरणी फरशीवर फुटली, रस्सा भिंतीपर्यंत उडाला. म्हातारीने विचारलं, "कुठल्या गाढवाने केलंय हे?"

"मी केलंय, आई."

हे तिने मला दुसऱ्या दिवशी लेथ बंद करून सांगितलं. त्या दिवसापासून ती स्वतःवरच चिडली, आणि तो राग आधीच्यापेक्षा वाईट होता.

घरामागच्या गॅरेजमध्ये बापाचं जुनं लेथ होतं. रोज सुटी झाली की तिथे. तिने आईला मेण दाबायला लावलं, बोटांच्या खुणा पाहिल्या आणि बोटांचा विचारच सोडून दिला. लांब दांडा, टोकाला तळव्यात बसेल असा गोळा. बरणी पोटाशी धरायची आणि जोर कोपरापासून लावायचा. झाकण पहिल्याच झटक्याला उघडलं. पिएरीनाने तो दांडा बाजूला सारला आणि तोंड फिरवलं.

"उघडतंय ना?" देल्फीना ओरडली.

"उघडतंय. पण लंगड्याची कुबडी दिसतेय. एकतीस वर्षं आरशासारखी भांडी काढली मी. हे माझ्या टेबलावर ठेवणार नाही."

म्हणजे वालसेक्कींचं एक म्हणणं खरं होतं. ते कबूल करताना देल्फीनाने मला तीन शिव्या दिल्या, माझा काही संबंध नसताना. मग पुन्हा दोन महिने. नासपतीच्या लाकडाचा गोळा, स्टीलचा निमुळता दांडा. पॉलिश कसं हवं ते म्हातारीनेच खुर्चीत बसून सांगितलं आणि चारदा परत करायला लावलं. शेवटी जे झालं ते वालसेक्कींच्या चित्राच्या तोडीस तोड होतं. हे मी म्हणतो, आणि मला नमुने कळतात.

डायरेक्टरांना नमुना दाखवायच्या दिवशी सकाळी देल्फीना थेट बैठकीत शिरली. मागे पिएरीना आणि पॉलिशखात्यातल्या आणखी दोन निवृत्त बायका, काखेत बरण्या. फाटकावरच्याने अडवलं नाही, त्याची मावशी त्यांतली एक होती. मी नमुने घेऊन तिथेच उभा होतो. तिघींनी वालसेक्कींचं कडं लावून पाहिलं. एकीच्यानेही झाकण हललं नाही. देल्फीनाच्या दांड्याने तिघींनी उघडलं.

वालसेक्की लाल झाले. म्हणाले, "मला हे कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलं होतंस का, बाळा?" पिएरीना म्हणाली.

डायरेक्टरांनी बायकांना कॉफी मागवली, नम्रपणे बोलले. मग देल्फीनाला म्हणाले, "बाई, म्हातारी हे विकत घेत नसते. तिला सून भेट देते. सून काचेतून बघते आणि हेच उचलणार." त्यांनी बोट कड्याकडे दाखवलं.

"म्हणजे हिच्या नावावर विकायचं," देल्फीना आईचा हात धरून म्हणाली, "हिच्याने उघडलं नाही तरी चालेल. हे हात तुमच्याच चाकावर गेलेत साहेब."

डायरेक्टरांनी घड्याळ पाहिलं.

कड्याच्या साच्यासाठी शेवटचा नमुना करायला तिने नकार दिला. तिला खोकी बांधायच्या खात्यात टाकलं. मग ते काम माझ्याकडे आलं आणि मी केलं. कारणं होती. ती सांगत बसत नाही, कारण ती सगळ्यांकडे असतात. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या लेथपाशी आली, नमुना हातात घेऊन उजेडात फिरवला.

"हात छान आहे तुझा, रेंझो," म्हणाली. "सांभाळ."

त्यानंतर अकरा वर्षं माझ्याशी शब्द नाही. कडं धडाक्याने खपलं, लग्नाच्या आहेरात दिलं जायचं. देल्फीना नोकरी सोडून गॅरेजात बसली आणि पॉलिशवाल्या बायकांसाठी एकेक दांडा करत राहिली, प्रत्येकीच्या हाताचं वेगळं माप घेऊन. पिएरीना गेली तरी तिने थांबवलं नाही. रागही थांबला नाही; चर्चच्या पायरीवर कारखान्याचं नाव निघालं की ती अजून उठून जायची.

माझी बायको ब्रुनाही पॉलिशखात्यातली. गेल्या हिवाळ्यात तिला कॉफीचं भांडं फिरवून उघडेना. तिने स्वयंपाकघरात मला पाठ करून रडून घेतलं. मी दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात जाऊन उभा राहिलो. देल्फीनाने चष्म्यावरून पाहिलं. मी म्हणालो, ब्रुनासाठी हवंय.

तिने लेथ बंद केलं नाही. आवाजातच म्हणाली, "तुझं काय काम इथे? तिला पाठव."

मी घरी आलो आणि ब्रुनाला कोट घालायला मदत केली.