पहिल्या पानावर ‘आम्ही’ नको

दुर्गपासून कुम्हारीपर्यंत लहानमोठे कारखाने किती, ते मला ठाऊक नाही. पण त्या सगळ्यांत मिळून माझ्या थोरल्या साडूंसारखं प्रपोजल लिहिणारा दुसरा माणूस नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. इथल्या पोलादाच्या प्लांटाच्या खरेदी खात्यात त्यांनी उभी नोकरी लोकांची प्रपोजलं वाचण्यात घालवली. ‘अग्रगण्य कंपनी’ हे शब्द इतके वाचले की आता ते नुसते कानावर पडले तरी त्यांना ॲसिडिटी होते. निवृत्तीनंतर वैशाली नगरच्या घरी बसून ते ओळखीपाळखीच्यांना प्रपोजलं लिहून देतात, तीही चहावर. पहिल्या पानावर ‘आम्ही’ आलं की कागद टराटरा फाडतात. मसुदा झाला की भाजी निवडत बसलेल्या ताईंना, म्हणजे आपल्या बायकोला, मोठ्याने वाचून दाखवतात. ऐकता ऐकता ताईंचे हात थांबले तर प्रपोजल पास, चालू राहिले तर नापास. चांगलं प्रपोजल झालं की त्या दिवशी घरात जेवणाला उशीर होतो.

एकदा वरच्या मजल्यावरचं पाणी त्यांच्या भिंतीत झिरपू लागलं. दुसरा कोणी भांडला असता. साडूभाऊंनी शेजाऱ्याला रीतसर प्रपोजल दिलं. त्यात शेजाऱ्याची टाकी रोज सकाळी रिकामी का होते, याचाच विचार होता. स्वतःची ओली भिंत शेवटच्या ओळीत. शेजाऱ्याने पाइप तर बदललाच, वर मिठाईचा डबा घेऊन आभार मानायला आला.

मी या विद्येची थट्टा करायचो. मग माझ्यावरच वेळ आली. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत माझी छोटी फॅब्रिकेशनची शेड आहे. कामं आटली होती, आणि धमतरीकडच्या एका राइस मिलमध्ये धूळ ओढायची यंत्रणा बसवायचं काम मिळालं नाही, तर शेडला कुलूपच लागणार होतं. मी रंगीत फोटो घालून जाडजूड प्रपोजल केलं आणि साडूभाऊंपुढे ठेवलं. त्यांनी ते न उघडताच तळहातावर तोललं.

“गिरणीवर गेले होते का तुमी?”

मी म्हटलं, फोनवर बोललो. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बसने गेले आणि मिलच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर ठाण मांडून बसले. हमालांशी छत्तीसगढीत बोलले, ड्रायव्हरांशी हिंदीत, आणि मालक चहाला आला तेव्हा अजिबात न बोलता नुसतं ऐकलं.

“त्याले धुळीचं भेव नाही,” परत आल्यावर ते म्हणाले. “धान येऊन राहिलं अन् फिटिंगपायी गिरणी बंद हाय, याचं भेव हाय.”

त्यांचं हिंदी प्रपोजल दोनच पानांचं झालं. हंगामात गिरणी एक दिवसही बंद राहणार नाही, ही पहिली ओळ. ते कसं जमेल, हे पुढे. दुसऱ्या पानावर मात्र चक्क लिहिलं होतं की मोठा पंखा आम्हाला बनवता येत नाही, बाहेरून आणावा लागेल. हे कावून लिवलं, मी विचारलं.

“उद्या त्याले दिसनच. आज तुमी सांगतलं, तर बाकीचं त्याले खरं वाटन.”

काम मिळालं. मालक फोनवर म्हणाला की इतरांच्या कागदांत त्यांच्या कंपन्या होत्या, माझी गिरणी फक्त तुमच्या कागदात सापडली. मी फोन ठेवला आणि साडूभाऊंच्या घराच्या दिशेने चक्क हात जोडले.

मग त्यांना प्रपोजलं लिहायला कायमचं शेडवर आणायचं मी मनावर घेतलं, कारण एका गिरणीवर शेड किती दिवस तगणार? तोंडी विचारलं की ते हसण्यावारी न्यायचे. शेवटी मीच त्यांना प्रपोजल लिहिलं. पहिल्या पानावर फक्त त्यांची अडचण: मुलगा पुण्याला, दुपार सरता सरत नाही, आणि लोक कागद घेऊन जातात ते पुढचं काम निघेपर्यंत फिरकत नाहीत. दुसऱ्या पानावर माझी उणीव: लोखंड मला कळतं, समोरच्या माणसाचं भेव कळत नाही.

त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

“जिंदगीभर लोकायचे वाचले,” ते हळूच म्हणाले. “मले कोनी लिवलं नव्हतं.”

त्यांनी दोन्ही कागदांची नीट घडी करून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि विचारलं, शेड सकाळी किती वाजता उघडता.