लालबागच्या गाळात रुतलेली ताई

हल्ली जो तो प्रवास करून येतो आणि लिहितो. माझी नात मनालीला जाऊन आली. आल्यावर तिनं बर्फाचे ढीगभर फोटो आणि अर्धं पान मजकूर टाकला. मला वाचून दाखवून झाल्यावर म्हणाली, "आजी, तू गं कुठे गेलीस आयुष्यात?" मी म्हटलं, "लालबागला." ती खो खो हसली. मग मीही हट्टाला पेटले आणि तिलाच टाइप करायला बसवलं. तर वाचकहो, हा वसई ते लालबाग असा सहा दिवसांचा प्रवास. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं, वैशाख महिना आणि माझं वय अठरा. बर्फ नाही, गाळ भरपूर आहे.

आमची वसईला केळीची वाडी होती. दर वैशाखात पाणी तळाला गेलं की विहिरीचा गाळ काढायचा. बाबा त्या कामात वाकबगार आणि मला भाऊ नाही, म्हणून मीच त्यांच्याबरोबर उतरायची. वाडीत काळीबाई नावाची वारली बाई कामाला यायची. तिला तहान लागली की ती विहिरीजवळ ओंजळ धरून बसायची आणि आई वरून पाणी ओतायची. मला तेव्हा त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

एका बुधवारी ब्रदर अंतोन घरी आले. संत फ्रान्सिसच्या संघाचे ब्रदर, आमच्याच गावचे. तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींचा दोर, पायात झिजलेल्या चपला. गरिबांबरोबर राहायचं, भांडणं मिटवायची आणि झाड, पाखरू, पाणी यांना आपल्या रक्ताचं मानायचं, ही त्यांच्या संघाची रीत. त्यामुळे माणूस बोलायचाही तसाच. सूर्य दिसला की "भाऊ उगवले", पाणी प्यायचं असलं की "ताईला जरा इकडे द्या". गावात आम्हाला सवय झाली होती. बाहेर मात्र लोक त्यांच्याकडे दोनदा बघायचे.

गाळ काढायला बाबांना मुंबईला न्यावं, म्हणून ते आले होते. काम असं होतं. लालबागमधल्या एका चाळीच्या आवारात जुनी विहीर होती, कचऱ्यानं आणि गाळानं भरलेली. डास फार म्हणून मुन्शिपाल्टीची नोटीस आली होती, विहीर साफ करा नाहीतर बुजवा. मालकाला बुजवणं सोपं. सोमवारी सकाळी डबराची लॉरी येणार होती. आवारात दोन चाळी आणि नळ एकच. पुढच्या चाळीत कोकणातल्या गिरणी कामगारांची घरं, मागच्या चाळीत नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली घरं. नळावर पुढच्यांचं भरून झाल्याशिवाय मागच्यांची घागर लागायची नाही, आणि तोवर पाणी जायचं. दीक्षेनंतर मागच्या बायकांनी मागे उभं राहायला नकार दिला, तेव्हा नळावर घागरी फुटल्या होत्या. विहीर बुजली असती तर मागच्या चाळीला कायमचं त्या नळाच्या मेहेरबानीवर जगावं लागलं असतं.

बाबांचा पाय मुरगळलेला. मी म्हटलं, "मी येते." बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आधी कंदील सोडायचा. विझला तर खाली हवा विषारी, उतरायचं नाही." मी ती परवानगी समजले.

गुरुवारी पहाटे निघालो. माझ्या मांडीवर पत्र्याचा डबा, झाकणाला भोकं पाडलेला. त्यात आमच्या विहिरीतले बारके मासे होते. डासांची अंडी खायला यांच्यासारखं कोणी नाही. दादरला उतरून ट्राम धरली. नवे पैसे नुकतेच आलेले, त्यामुळे दर थांब्याला कोणीतरी कंडक्टरशी आण्यांच्या हिशोबावरून हुज्जत घालत होतं. माझ्यापाशी येऊन तो म्हणाला, "ताई, डब्यात काय?"

"मासे."

"सुके की ओले?"

"जिवंत."

त्यानं डब्याकडे पाहिलं, ब्रदरांच्या झग्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोन तिकिटं फाडली. माशांचं तिकीट लावलं नाही, याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे.

लालबागला उतरल्यावर पहिलं स्वागत नाकाचं झालं. मसाल्याच्या डंखांवर, म्हणजे कांडप यंत्रांवर, मिरच्या कांडणं चाललेलं, आणि ब्रदर लागोपाठ शिंकत चाळीच्या आवारात शिरले. (आजही जाणार असाल तर तोंडावर रुमाल ठेवा आणि येताना अर्धा किलो मालवणी मसाला आणा.) डबा ठेवून लगेच गिरगावला गेलो, कारण मालक तिथे राहायचा. ब्रदरांनी हात जोडून एकच मागणं केलं, की सोमवारी सकाळी पाणी स्वच्छ आणि पिण्याजोगं दिसलं तर विहीर बुजवू नका. मालक हसला. "चार दिवसांत? बघा करून." म्हणजे त्याला वाटलं, बला टळली. बाहेर एका खाणावळीत भात आणि बोंबलाची आमटी खाल्ली. पैसे देताना कळलं की ब्रदरांच्या झग्याला खिसाच नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. बिल मी दिलं.

माझा मुक्काम मागच्या चाळीत गयाबाईकडे होता. तिशीची गिरणी कामगार बाई, काटक, जिभेला धार. एका खोलीत भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर, खाली चूल. भाकरीवर सुकटीची चटणी वाढत ती म्हणाली, "मोर्च्यात ह्ये पुढच्या चाळीचं लोक आन आमचं लोक खांद्याला खांदा लावून जात्यात. घोषणा येक. लाठ्या पन संगंच खाल्ल्या. आन नळावर आलं की चार हात लांब. आता तूच सांग, कंचा म्हाराष्ट्र संयुक्त करायचा?" मी दुसरी भाकरी घेतली.

शुक्रवारी हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद, गिरण्यांचे भोंगेही गप्प. सगळी माणसं घरी होती, पण कामाला उभी राहिली ती फक्त मागच्या चाळीतली. पुढच्या चाळीचे लोक गॅलरीत हाताची घडी घालून बघत होते. पाणी उतरलेलंच होतं, बादल्यांनी उपसून गुडघ्यापर्यंत आणलं. कंदील खाली सोडला, तो तेवत राहिला. मी पदर खोचला आणि उतरले.

त्या गाळाचं वर्णन करत नाही, कोणी जेवता जेवता वाचत असेल. मी पाटी भरायची, वरचे ओढायचे. काम नीट चाललं होतं, पण दोर बारीक आणि जुना. दुपारी भरलेली पाटी अर्ध्यावर असताना तो तुटला. पाटी माझ्या बाजूला हातभर अंतरावर आदळली आणि मी नखशिखांत माखले. लागलं काही नाही. मी खालून ओरडले, "दुसरा दोर टाका!" पण दुसरा दोर नव्हताच. जाड दोर सगळ्या आवारात एकाच ठिकाणी होता. पुढच्या चाळीच्या गणपती मंडळाच्या खोलीत, मूर्ती ओढायचा.

ब्रदर पुढच्या चाळीसमोर धावत गेले आणि गॅलरीकडे बघून, त्यांना जसं बोलायची सवय तसंच, जिवाच्या आकांतानं ओरडले, "दोर द्या हो! आमची ताई खाली गाळात रुतलीय, तिला वर काढायचीय!"

त्यांच्या मनात ताई म्हणजे पाणी. पण त्या गॅलरीत हे कोणाला ठाऊक! सकाळी एक पोर विहिरीत उतरलेली सगळ्यांनी पाहिली होती.

पुढचं मी नुसतं ऐकलं. आधी तावडेकाकींचा आवाज. पुढच्या चाळीत नळावर रांग लावणारी, घागरी मागे सारणारी बाई हीच. "धावा रे! चेडू बावीत रुतलां! दोर काढा! गणपतीचो दोर काढा!" चेडू म्हणजे मुलगी, बाव म्हणजे विहीर. मग जिन्यांवर पावलांचा गडगडाट. वर बघते तो विहिरीच्या काठावर डोकीच डोकी आणि माझ्यापाशी मनगटाएवढा दोर आला. कोणीतरी कप्पीसुद्धा आणली होती.

"धर गो बाय, घट्ट धर!" काकी वरून ओरडत होत्या. "घाबरू नको!"

मी म्हटलं, "मला कशाला? पाटी बांधते, ओढा!"

मला वाटलं, शेवटी शहाणपण सुचलं लोकांना. मी दोराला पाटी बांधली आणि हाक दिली. माझे शब्द वर न पोचल्यानं वरच्यांनी मला ओढतोय असं समजून असा हिसका दिला की गाळानं भरलेली पाटी काठावरून उडून तावडेकाकींच्या पायाशी पालथी झाली.

काकींनी वाकून पाहिलं, तर मी खाली धडधाकट उभी. मग काकी फणफणल्या. "ब्रदर, तू देवमाणूस आणि खोटा बोललंस?"

"खोटं नाही, काकी," ब्रदर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "ताईच आहे. पाणी. सोमवारी तिच्यावर डबर टाकणार आहेत."

कोणी हसलं, कोणी चिडलं. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की दोरावर एकाआड एक हात कोणाचे आहेत. गयाबाईच्या हातांमागे काकींचे हात होते, त्यांच्यामागे मागच्या चाळीतले दोघे, त्यांच्यामागे काकींचा नवरा. धावपळीत कोणी कोणाच्या शेजारी उभं राहायचं हे पाहिलंच नव्हतं. हे मला नंतर कळलं, तेव्हा खाली फक्त काकींची चीड ऐकू आली होती. काकी आता हात सोडणार, असं मला वाटलं. पाटी रिकामी होऊन परत यायची वाट बघत मी उभी राहिले.

गयाबाईचा आवाज आला. "दोर हातात हायच, तर वढा की आता."

आणि रिकामी पाटी खाली आली.

त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत आणि शनिवारी दिवसभर ती पाटी थांबली नाही. हरताळ संपला तरी पाळीवरून सुटलेली माणसं सरळ दोरावर यायची. घोषणांची सवय होती, त्यामुळे ओढताना तालही घोषणेचाच. "संयुक्त महाराष्ट्र" म्हणताना दम घ्यायचा आणि "झालाच पाहिजे" म्हणताना ओढायचं. शनिवारी चार वाजता माझ्या पायाला गार काहीतरी लागलं. मी गाळ बाजूला केला. कातळाच्या फटीतून झरा फुटला होता, बोटाएवढा, पण जोरदार. मी अशी किंचाळले की वरच्यांना पुन्हा वाटलं पोरगी बुडाली.

रविवारी सकाळी मी परळला मिस्साला निघाले. वसईला आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, तर काकींना म्हटलं, "देवळात जाऊन येते." काकींनी माझ्या हातात नारळ दिला. मी तो नेलाही. परत येऊन गयाबाईबरोबर निवळीच्या बिया उगाळून पाण्यात सोडल्या, म्हणजे गढूळपणा खाली बसतो. संध्याकाळी मासे सोडले. डब्यातले सगळे जिवंत होते.

सोमवारी सकाळी लॉरी दारात येऊन उभी राहिली. मालकाचे दिवाणजी छत्री घेऊन उतरले आणि विहिरीत डोकावले. तळाशी दगड दिसत होते. "दिसायला ठीक आहे," ते म्हणाले, "पण पिण्याजोगं आहे कशावरून?"

गयाबाईनं घागर काढली, पेला भरला आणि पुढे केला. दिवाणजींनी पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. हात छत्रीवरून हलेना. गयाबाईनं पेला तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात तावडेकाकी पुढे आल्या. गयाबाईच्या हातातून त्यांनी पेला घेतला, ओठाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. "हां बघा, मी पितंय. गोड आसा. आता तुमची लॉरी घेवन जावा."

काकींनी तोच पेला परत गयाबाईकडे दिला. तिनं भरला आणि स्वतः प्याली. मग तो पेला हातोहात आवारभर फिरला. लॉरी मागे घेताना ड्रायव्हर हसत होता, आणि सगळे ओरडत होते, "विहीर राहिलीच पाहिजे!" मीही ओरडले. ब्रदर काठावर बसून झग्याला डोळे पुसत पाण्याशी काहीतरी बोलत होते. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही, हे नातीचे आजोबा आता हयात नाहीत म्हणून लिहिते.

ती चाळ आता पाडली, तिथे उंच इमारत आहे. विहीर मात्र आहे, वर जाळी बसवलेली. दादरहून बसनं जा, वॉचमनला सांगा विहीर बघायचीय, तो सोडतो. जाळीतून वाकून बघा, बारके मासे दिसतील.

मी मंगळवारी वसईला पोचले. दोन्ही तळहातांना फोड, हातात रिकामा डबा. बाबांनी विचारलं, "कंदील सोडलास?" मी मान डोलावली. मागे वाडीत गेले तर काळीबाई केळींतून येऊन विहिरीजवळ नेहमीसारखी ओंजळ धरून बसली होती. आई घरात होती. मी पोहरा उचलला आणि वरून ओतायला वाकले.

वाकले आणि तशीच थांबले. मला दिवाणजींची ती छत्री आठवली, आणि माझीच लाज वाटली.

मी दोर काळीबाईच्या हातात दिला. "तू काढ," म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मागून आईचा आवाज आला, "अगं, काय करतेस? विहिरीला हात लावेल ती!"

"लावू दे, आई. ताई आहे."

"कोण ताई? ही की पाणी?"

"दोघी," मी म्हटलं.

काळीबाईनं पोहरा सोडला, भरून ओढला आणि पोटभर प्याली. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. तिनं खूण केली. मी तिच्यासमोर बसून ओंजळ धरली आणि तिनं माझ्या फोडांवर वरून पाणी ओतलं.