ल्युबिसावच्या राखणीतली एकमेव चोरी

सदर इसमाचे नाव ल्युबिसाव प्रोकिच. वय चोपन्न. हुद्दा पुदार, अर्थात द्राक्षबागांचा राखणदार, मौजे लोझोवात्स, प्रांत झूपा. उंची, दारातून वाकून जावे लागेल इतकी. शस्त्रे दोन, एक बंदूक व एक लाकडी खुळखुळा. पैकी खुळखुळा चालू स्थितीत. वैवाहिक स्थिती: नाही. सतरा वर्षांच्या सेवेतील चोऱ्या: निरंक.

हे वर्णन गावाच्या दप्तरात आहे आणि अक्षर गावप्रमुख ओब्रादचं आहे, त्यामुळे ते खरं मानायला हरकत नाही.

ऑगस्टपासून सुगीच्या रविवारपर्यंत ल्युबिसाव टेकडीवरच्या माळ्यावर राहतो. भोरड्यांचा थवा उतरला की खुळखुळा वाजवतो. आमच्याकडच्या कोल्ह्यांना द्राक्षं आंबट लागत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठीही वाजवतो. आणि मालकांसाठीही वाजवतो, कारण पाद्रीबाबांनी आशीर्वाद देईपर्यंत बाग पुदाराच्या ताब्यात असते. तोवर स्वतःच्या वेलीचा मणी तोडणाराही चोर. चोरी झालीच, तर चोर आणि गाफील पुदार या दोघांनी भर चौकात पहिल्या हौदातली द्राक्षं तुडवायची, बँडची तीन गाणी संपेपर्यंत. हौदाच्या काठाला हात लावायचा नाही. आधार घ्यायचा तर एकमेकांचा.

ल्युबिसावचं स्टामेनावर प्रेम होतं. ही बातमी गावात कुणाला नवी नव्हती. स्टामेना नऊ वर्षांपूर्वी विधवा झाली, तिची बाग माळ्याच्या अगदी पायथ्याशी, आणि ल्युबिसाव तिच्याशी रोज बोलायचा. हवामानाबद्दल. खरं वाक्य त्याच्याकडे चार वर्षांपासून तयार होतं, पण ते बाहेर पडायला निमित्त हवं होतं.

यंदा निमित्त पिकलं होतं. सुगीच्या दिवशी सगळ्यात जड घडाला मान मिळतो. प्रत्येक घर आपल्या घडाला आधीच चिंधी बांधून ठेवतं आणि त्या सकाळी पुदार ते तोडून चौकात आणतो. स्टामेनाच्या तिसऱ्या ओळीत पावणेदोन किलोचा घड लटकत होता. तो जिंकणार, ती पुढे येणार, घड तिच्या हातात देताना आपण वाक्य बोलणार, असा ल्युबिसावचा बेत होता. त्या घडाला त्याने ऊन लागू दिलं नाही, वारा लागू दिला नाही, जमलं असतं तर झोपही लागू दिली नसती.

रविवारी सकाळी आठलाच गाव झुलत होतं. नवा रस भरायचा तर पिंपं रिकामी हवीत, म्हणून आदला आठवडाभर गाव कर्तव्यबुद्धीने पीत असतं. बैलांच्या शिंगांना वेली गुंडाळल्या होत्या, चौकातल्या कारंज्यातून लाल वाईन उडत होती, आणि ढोलवाला ढोल सोडून बाकावर ताल धरत होता. तेवढ्यात ल्युबिसाव टेकडी उतरून आला. खांद्यावरच्या काठीला वीस घड. हातात एक तांबडी चिंधी, घड गेल्यावर रिकाम्या वेलीला कुणीतरी फुलासारखी गाठ मारून ठेवलेली.

"चोरी झाली," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक.

"कोल्हा असेल रे!" ओब्राद ओरडला.

"कोल्ह्याला गाठ मारता येत नाही."

"मग कुणाचा घड गेला?"

"माझा," गर्दीच्या मागून स्टामेना म्हणाली. तिने तोंड उघडलं तेव्हा दातांपासून जिभेपर्यंत सगळं जांभळं होतं. "मीच खाल्ला. पहाटे. अख्खा."

पाद्रीबाबांनी हातातलं पवित्र पाणी चुकून स्वतःच्याच चपलांवर शिंपडलं.

"अगं बाई, तुझाच घड? दोन तास थांबली असतीस तर मान मिळाला असता!" ओब्राद म्हणाला.

"मानाचं काय लोणचं घालू? नियम काय आहे तो वाचा."

नियम वाचायची गरज नव्हती. दोघांचे बूट गावानेच ओढून काढले. बँडने एवढ्या जोरात सुरुवात केली की कारंजं दचकलं. हौदात उतरताच ल्युबिसाव घसरला; त्याने तिचा दंड धरला, तिने त्याचा पट्टा. रस घोट्यापर्यंत आला, गाव टाळ्या पिटू लागलं.

"पाऊस येईलसं वाटत नाही," पहिल्या गाण्यात ल्युबिसाव म्हणाला.

"हो."

"वारा पडलाय," दुसऱ्या गाण्यात म्हणाला.

"हे बघा ल्युबिसाव, चार वर्षं मी हवामान ऐकतेय. पावणेदोन किलो द्राक्षं एकटीने खाल्लीत, पोटात कळा येतायत. हे शेवटचं गाणं आहे. बोलायचं तर बोला, नाहीतर मी आडवी पडते इथेच."

ल्युबिसावने तोंड उघडलं. नेमका तेव्हाच बँड श्वास घ्यायला थांबला, त्यामुळे वाक्य सगळ्या गावाने ऐकलं.

"माझ्याकडे राहायला याल का?"

"एवढंच?" स्टामेना म्हणाली. "यासाठी चार वर्षं? या तुम्हीच माझ्याकडे. तुमच्या माळ्याला धड छप्पर नाही."

मग हौदात कोण कोण उतरलं ते सांगता येणार नाही. दोन बैल नक्की होते. त्या रसाची वाईन झाली, आणि ती चांगली झाली, याचं कारण कुणी विचारलं नाही.

ओब्रादने दप्तरात खाडाखोड केली. वैवाहिक स्थिती: आहे. चोऱ्या: एक.

स्टामेना दर वर्षी आशीर्वादाच्या आधी घड तोडते, पण दप्तरातला आकडा हलत नाही. अर्धा ल्युबिसाव खातो.