हॅनाच्या पत्रांना दाखवलेलं ऊन

फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस रजा टाकून आईला टेकापो दाखवायचं ठरलं होतं. तळं निळं आहे, दगडी चर्च आहे, आणि क्राइस्टचर्चला आलेल्या झाडून सगळ्यांच्या आयांचे तिथले फोटो आहेत, मग माझ्याच आईचा का नको? पण आम्ही गेलो भलतीकडेच, ओटागोतल्या मनियोटोटोच्या माळावर, एका अमेरिकन बाईची दीडशे वर्षांपूर्वीची पत्रं सोबत घेऊन. ओटागो म्हणजे क्वीन्सटाउन एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी ही पोस्ट वाचावी. ज्यांची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आहे त्यांनी तर वाचावीच.

क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात आमच्या कुंपणापलीकडे ग्रॅहम राहतात. वय चौऱ्याऐंशी, बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा पर्थला. हिवाळ्याआधी ते रेस्ट होममध्ये जाणार आहेत, तिथे एक खोली आणि एक कपाट मिळतं. सोफा, हत्यारं, बायकोची शिलाईमशीन, सगळं वाटून झालं होतं. राहिला होता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात त्यांचे पणजोबा इलायस यांना आलेली साठेक पत्रं होती. इलायस मूळचे अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. सोन्याच्या मागे आधी कॅलिफोर्नियाला गेले, मग ओटागोत सोनं सापडल्याची आवई उठली तसे इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची बहीण हॅना त्यांना घरून लिहीत राहिली.

मुलाने फोनवर सांगितलं होतं, फोटो काढून ठेवा आणि डबा टाकून द्या. ग्रॅहमना ते फार लागलं होतं. माझ्याकडे स्कॅनर आहे असं कळल्यावर त्यांनी डबा माझ्याकडे आणून दिला आणि दोन रविवार बसून मी सगळं स्कॅन केलं. त्यांच्या घरात खोकी बांधणाऱ्यांचा राबता होता, म्हणून डबा आमच्याच बैठकीच्या खोलीत राहिला.

स्कॅन करता करता मी वाचत गेले आणि हॅना मला फार आवडली. एका ओळीत लोण्याचा भाव, दुसऱ्या ओळीत गुलामगिरीवरून पाद्र्याशी झालेलं भांडण. ती गुलामगिरीच्या कट्टर विरोधात आणि वडील उलट बाजूचे. एकाच घरात राहून बापलेक महिनोन् महिने बोलत नाहीत, मीठ हवं असेल तर आईमार्फत मागतात. (आमच्या फॅमिली ग्रुपवर निवडणुकीच्या काळात काय चालतं ते आठवून मला बरंच हायसं वाटलं.) मग यादवी पेटते आणि धाकटा भाऊ लढाईवर जातो. परत येत नाही. त्यानंतरच्या पत्रात हॅना लोण्याचा भाव लिहीत नाही. काही पत्रांच्या तळाशी वडिलांनी आपली दोन वाक्यं जोडली आहेत. काळ्या माणसांबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते मोठ्याने वाचवत नाही. ती पत्रं काढून टाकावीत का, हा प्रश्न ग्रॅहमना बरेच दिवस छळत होता.

इलायस जिथे पुरले आहेत त्या जुन्या सोन्याच्या गावात एक छोटं म्युझियम आहे, गावातले स्वयंसेवक चालवतात. गावाचं नाव त्यांच्याच विनंतीवरून लिहीत नाही, नाहीतर सगळे आपापल्या पणजोबांची खोकी घेऊन हजर होतील. तिथल्या लिनेट नावाच्या बाईंनी ईमेलवर स्पष्ट कळवलं होतं: आणा, बघू, पण कबूल काही करत नाही. जागा कमी आहे, आणि ओल किंवा बुरशी लागलेला कागद आम्ही आत घेत नाही, तो दुसऱ्या कागदांना बाधतो. ग्रॅहमच्या डब्याला तर गॅरेजचा कुबट वास होता. लिनेटनी नाही म्हटलं तर पत्रं जाणार कुठे, या काळजीने म्हातारा झुरत होता. शेवटी टेकापो रद्द करून मी गाडी काढली.

गुरुवारी सकाळी निघालो. पुढे ग्रॅहम, मांडीवर डबा. मागे आई, मांडीवर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. हॉर्नबीतून मेन साउथ रोडला लागलं की झालं, रस्ता सरळ दक्षिणेला. दोन्हीकडे गायी, पाण्याचे लांबलचक फवारे, आणि सरळसोट रस्त्यामुळे येणारी झोप. रकायाचा पूल संपता संपत नाही, तिथे आईने हात जोडले. नदी दिसली की ती जोडतेच.

ॲशबर्टन मागे टाकल्यावर ग्रॅहमनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, अरे, गॅरेजचा वास गेला की! मी कौतुकाने आईला मराठीत सांगितलं.

आई म्हणाली, "राहील कसा? दोन दिवस ऊन दाखवलंय मी त्यांना."

माझे हात स्टिअरिंगवर होते म्हणून बरं. पापड, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, पोथ्या, सगळ्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवायचं हे कराडला ठीक आहे. इथल्या उन्हात टोपी न घालता कपडे वाळत घातले तर नाक सोलून निघतं. आमच्या डेकच्या, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याच्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मुळात निळ्या होत्या, यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही. आणि त्याच डेकवर हिने हॅनाला वाळत घातलं होतं!

ग्रॅहमनी विचारलं, काय म्हणतायत तुझी आई? मी म्हटलं, हवा छान आहे म्हणतेय. ते मान डोलावून "येस, लव्हली" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मला स्वतःची लाज वाटली, पण तोंडातून शब्द गेला होता.

टिमारूला कॅरोलाइन बेवर थांबलो. स्वच्छ टॉयलेट, फुकट पार्किंग, समोर समुद्र, लहान मुलं असतील तर टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, बरोबर ठेवा. ग्रॅहमनी दशमी खाल्ली, चटणी "हीप्स" तिखट आहे म्हणून पुन्हा मागून घेतली. माझी दशमी मी तशीच पिशवीत परत ठेवली.

मुक्काम ओमारूला केला, कारण ग्रॅहमना फार वेळ बसवत नाही. मोटेलच्या दोन खोल्या, किचनसह, साडेतीनशे डॉलरच्या आत. पांढऱ्या दगडाच्या जुन्या इमारती संध्याकाळच्या उन्हात खरंच बघण्यासारख्या आहेत. मी त्यांच्याकडे बघत होते आणि आईची उलटतपासणी घेत होते. सकाळचंच ऊन दाखवलं, ती म्हणाली. खाली चादर अंथरली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर तिची मलमलची साडी घातली, चारी बाजूंनी वाट्या ठेवल्या. आपल्याकडचा सोसाट्याचा नॉर्वेस्टर वारा डोळ्यांसमोर आला. अमेरिकेची यादवी हॉर्नबीच्या गोदामांवरून उडत चाललीय, हे चित्र काही केल्या जाईना.

"मग मीच सांगते त्यांना," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "इंग्लिशमध्ये कसं सांगायचं तेवढं शिकव. त्यांचं एवढं एकच राहिलंय गं, मी ते खराब केलं का?"

मी म्हटलं, आधी लिनेट काय म्हणतात ते बघू. खरं सांगायचं तर माझीच हिंमत होत नव्हती.

शुक्रवारी मोएराकीचे गोल दगड पाहिले. ओहोटीची वेळ बघून जा, भरतीला निम्मे पाण्यात असतात. पामरस्टनला पेट्रोलची टाकी भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. तिथेच चीज रोल खाल्ले. ब्रेडची गुंडाळी, आत चीज आणि कांदा, बाहेरून लोणी लावून भाजलेली. शाकाहारी माणसाला दक्षिणेत हा मोठा आधार आहे, फक्त आत सूपची पावडर असते ती कसली ते विचारून घ्या. मग उजवीकडे वळून पिगरूट नावाच्या रस्त्याला लागलो. समुद्र मागे पडतो, झाडं संपतात, आणि पिवळ्या गवताचे उघडे डोंगर सुरू होतात. गाडीमागे गाडी नाही. आई म्हणाली, हे तर आपल्या माणदेशासारखं आहे. इलायसनी व्हरमाँटची हिरवळ सोडून इथे राहावं, म्हणजे सोन्याची हाव केवढी असेल. ग्रॅहमना विचारलं तर म्हणाले, सोनं फारसं मिळालंच नाही, लग्न मात्र झालं.

म्युझियम म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. दारात खाणीतल्या पाट्या-फावड्यांचा ढीग, आत गार आणि कोरडं. लिनेट साठीच्या, पूर्वी शाळेत शिकवत होत्या. त्यांनी "किया ओरा" म्हटलं, आईनेही हात जोडून "किया ओरा" म्हटलं. लिनेटनी साबणाने हात धुऊन चांगले कोरडे केले आणि पत्रं एकेक करून टेबलावर मांडली. माझ्या लॅपटॉपवरचे स्कॅन शेजारी ठेवले. त्या कागद बघायच्या, मग स्क्रीन, मग परत कागद. ग्रॅहम टोपी हातात धरून उभेच होते, खुर्ची दिली तरी बसेनात. आईने माझा दंड घट्ट पकडला होता.

बऱ्याच वेळाने लिनेटनी विचारलं, "ही मधे कधी उजेडात ठेवली होती का?"

मी तोंड उघडलं. आता सांगायलाच हवं होतं. पण ग्रॅहमच आधी बोलले.

"हो. दोन सकाळी. मेधाच्या डेकवर, तिच्या आईने. मी किचनच्या खिडकीतून बघत होतो."

त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या सकाळी ते ओरडायलाच निघाले होते, दारापर्यंत गेले. तेवढ्यात आईने पत्रांवर साडी घातली आणि शेजारी स्टूल घेऊन बसली. जेवणाची वेळ होईपर्यंत हलली नाही, मांजर आलं तर हाकललं, वारा सुटला तर साडीवर हात ठेवून बसली. "माझी बायको गेल्यापासून त्या डब्याकडे माझ्याशिवाय कोणी इतका वेळ बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "मग मी चहा केला आणि बघत बसलो."

हे मी आईला शब्दन् शब्द सांगितलं. आई खाली बघून डोळे पुसू लागली. मीही पुसले, लपवलं नाही.

लिनेटनी आईकडे बघून हळूच बोट हलवलं. पुन्हा असं करायचं नाही, म्हणाल्या, उन्हाने शाई आणि कागद दोन्ही जातात. पण साडीखाली होती, वेळही थोडा होता, अक्षर सगळं शाबूत आहे. खरी भीती ओलीची होती, आणि कागद अगदी कोरडे आहेत, बुरशीचा मागमूस नाही. मग त्यांनी एका पत्रावरची तपकिरी पट्टी दाखवली. सेलोटेप! याने मात्र कागदाची वाट लावलीय. ग्रॅहम लाल झाले. तरुणपणी फाटलेलं जोडायला त्यांनीच लावली होती. आणि पाकिटांवरची तिकिटं कोणी कापली? ती त्यांच्या आईने, शेजारच्या मुलीच्या संग्रहासाठी. लिनेट हसू लागल्या. म्हणाल्या, इथे येणारं प्रत्येक खोकं असंच असतं, ज्यांनी जपलं त्यांनीच थोडं थोडं बिघडवलेलं.

ग्रॅहमनी मग हॅनाच्या वडिलांच्या त्या ओळींचं विचारलं. काढून टाकू का? लिनेट म्हणाल्या, नाही. तिला घरात कोणाशी भांडावं लागत होतं ते कळल्याशिवाय हॅना कशी कळणार? सगळी राहतील. ग्रॅहमनी तेव्हा कुठे खुर्ची ओढली आणि बसले. छातीतून एवढा मोठा श्वास सोडला की लिनेटनी पाणी आणून दिलं.

इलायसच्या थडग्यावर जाऊन आलो. रात्री गावातल्या पबच्या वरच्या खोल्यांत राहिलो. साध्या, स्वच्छ, बाथरूम सामायिक. बटाट्याच्या वेजेस आणि सॅलड सोडून मला नि आईला जेवायला काही नव्हतं, पण त्या संध्याकाळी मी वेजेसची दुसरी बशी मागवली. जायचं असेल तर पब आधी फोन करून बुक करा, आणि म्युझियमलाही आधी कळवा, एरवी कुलूप असतं.

शनिवारी एका दमात घर गाठलं. सहलीतून काय राहिलं म्हणाल, तर फोटो फार थोडे आहेत. हॅनाने त्या माळावर पत्रं पाठवली तेव्हा ती पोचतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. महिन्यांनी पोचायची, तोवर लढाईची बातमी शिळी झालेली असायची. तरी लिहीत राहिली, आणि इकडे कोणी ना कोणी वेडंवाकडं सांभाळत राहिलं. आमच्या ग्रुपवरची भांडणं कोण सांभाळणार देव जाणे, नाही सांभाळली तरी चालेल.

त्या संध्याकाळी ग्रॅहम आमच्याकडेच जेवले. मुगाची खिचडी, वर तूप. दोन घास खाऊन थांबायचे, रिकाम्या मांडीकडे बघायचे. आईने मला सांगितलं, "त्यांना म्हणावं, लेक सुस्थळी पडली की बापाचं असंच होतं. हलकंही वाटतं आणि घर खायलाही उठतं."

मी काहीही न गाळता सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, मग तो बाप काय करतो?

"जेवतो, झोपतो," आई म्हणाली, "आणि दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून खुशाली विचारतो."

सोमवारी मी ऑफिसातून आले तर ग्रॅहम कुंपणाशी उभे होते. म्हणाले, लिनेटला फोन केला होता, चष्म्याचं घर तिथे विसरलं का ते विचारायला. चष्म्याचं घर त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं.

"मग, कशी आहेत पत्रं?" मी विचारलं.

"बरी आहेत," ग्रॅहम म्हणाले. "रुळली."